लांबच्या आजी-आजोबांपर्यंत नातवंडाचा रोजचा दिवस कसा पोचवायचा

वाढदिवसाचे फोटो सगळेच पाठवतात. पण लांब राहणाऱ्या आजी-आजोबांचा फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "आज काय काय केलं गं तिने?" आणि आपलं उत्तरही ठरलेलं, "काही नाही, नेहमीचंच."

त्यांना ते नेहमीचंच हवं असतं. उठल्यावर ती आधी कोणाला हाक मारते, जिना उतरताना कुठला पाय पुढे टाकते, सध्या कशावरून हट्टाला पेटते, हे कळलं की तिच्याशी बोलायला विषय मिळतो. नाही कळलं तर "ओळखलंस का मला?" याच्यापुढे बोलणं सरकत नाही.

माझी लेक अडीच वर्षांची आहे. माझी आई एकीकडे, सासू-सासरे दुसरीकडे, आणि भाऊ इतका लांब की आमची सकाळ उजाडते तेव्हा तो झोपायच्या तयारीत असतो. आमच्या घरात जे चालतं, आणि जे मी वाचून, पारखून घेतलंय, ते इथे सांगते.

काय पाठवायचं

दिवसातली एकच गोष्ट निवडा आणि ती सबंध पाठवा. वीस फोटोंचा ढीग पाठवला की समोरचा माणूस अंगठ्याने सरकवत जातो. अर्ध्या मिनिटाचा एकच व्हिडिओ तो चार वेळा बघतो.

उदाहरण देते. लेकीला हल्ली मोजा स्वतः घालायचा असतो. बोटं आत जातात, टाच वरच्या बाजूला येते, ती जोर लावून ओढते आणि अख्खा मोजा निघून हातात येतो. मग ती त्याच्याकडे रागाने बघते, उलटा करून झटकते, पुन्हा फतकल मारून बसते आणि बोटं आत घालते. मी फोन तिच्या गुडघ्याच्या उंचीवर धरून हे सगळं टिपलं. मध्ये एकदाही "अगं, अशी नाही, अशी घाल" म्हटलं नाही. मोजा शेवटपर्यंत नीट गेलाच नाही, आणि तिथेच व्हिडिओ संपला. दुसऱ्या दिवशी कॉल लागल्या लागल्या आईने विचारलं, "काय गं, मोजा कुठवर आला?" लेक तडक उठली, खणातून मोजा घेऊन आली आणि फोनसमोर बसून पाय पुढे केला. दोघींचं पुढचं सगळं बोलणं त्या मोज्यावर झालं.

म्हणून माझा आग्रह असतो की अर्धवट राहिलेली गोष्ट पाठवावी. जमलेली गोष्ट बघून "शाब्बास" म्हणता येतं, अर्धवट गोष्टीबद्दल उद्या विचारता येतं.

चित्रीकरणासाठी फार काही लागत नाही. फोन मुलाच्या नजरेच्या उंचीला आणा, म्हणजे आपण मांडी घालून बसा किंवा सरळ जमिनीवर पालथे पडा. वरून काढलेल्या व्हिडिओत डोक्याचा भोवरा तेवढा दिसतो. कॅमेऱ्याकडे बघ, हस, टाळ्या वाजव, असं सांगू नका. मागे कुकरची शिट्टी, पंख्याची घरघर, आपलं दारावरच्या माणसाशी बोलणं, जे असेल ते राहू द्या. लांबच्या माणसाला घर त्या आवाजांतूनही कळतं.

व्हिडिओसोबत दोन ओळी लिहा किंवा बोला. आधी काय झालं होतं आणि त्यानंतर काय झालं, एवढंच. "दुपारी झोपली नाही, म्हणून चिडचिडी आहे. यानंतर पाच मिनिटांत माझ्या मांडीवर झोपली." एवढ्याने आजीला अख्खी दुपार दिसते.

आणखी एक लहानसं काम करा. मूल बोलायला लागलं की त्याचे शब्द घराबाहेर कोणाला कळत नाहीत. चालू शब्दांची यादी करून आजी-आजोबांना पाठवा आणि अधूनमधून बदला. आमच्याकडे "पा" म्हणजे पायऱ्या आणि "पाऽपा" म्हणजे पाणी. हे माहीत नसेल तर आजी पाण्याबद्दल बोलत राहते आणि नात वैतागून निघून जाते.

व्हिडिओ कॉल

स्क्रीनची भीती बऱ्याच घरांत असते आणि ती रास्त आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत एक वर्षाच्या मुलांना बसून स्क्रीन बघायला लावू नये असं म्हटलंय, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी तेवढं बरं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ मध्ये दीड वर्षाखालच्या मुलांना स्क्रीनपासून लांब ठेवायला सांगितलं, पण व्हिडिओ कॉलला त्यातून वगळलं. कारण समोरचं माणूस उत्तर देतं.

याच मुद्द्यावर २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदं तीन पद्धतींनी शिकवली: समोर बसून, थेट व्हिडिओ कॉलवर, आणि दुसऱ्याच मुलाशी झालेल्या कॉलचं रेकॉर्डिंग दाखवून. समोर बसून आणि थेट कॉलवर मुलं शिकली, रेकॉर्डिंगवरून शिकली नाहीत. माणूस पडद्यावर असणं पुरत नाही, त्याने या मुलाच्या बोलण्या-हलण्याला त्याच क्षणी प्रतिसाद द्यावा लागतो. त्यामुळे कॉलवर आजीने काय बोलावं यापेक्षा नात काय करतेय हे तिने बघावं आणि त्यावर बोलावं, हे जास्त महत्त्वाचं.

फोन मुलाच्या हातात देऊ नका. दिला की कपाळ दिसतं, मग छत दिसतं, मग लाल बटण दाबलं जातं. जमिनीवर भिंतीला टेकवून किंवा जड डब्याच्या आधाराने मूल बसल्यावर त्याचं तोंड जिथे येतं त्या उंचीला फोन ठेवा, हातभर अंतरावर. बटणांची ओढ फारच असेल तर आयफोनमध्ये गाइडेड ॲक्सेस नावाची सोय आहे, ती चालू करून स्क्रीनचा स्पर्श बंद करता येतो.

तुम्ही मुलाच्या शेजारी बसा. हे सगळ्यांत महत्त्वाचं आणि सगळ्यांत दुर्लक्षित. मूल कॉलवर बोट दाखवतं ते खोलीतल्या फळीकडे, आणि आजीला दिसतं फक्त बोट. अशा वेळी मागचा कॅमेरा चालू करून फळीवरची वस्तू दाखवायची असते. मूल वस्तू दाखवायला येतं तेव्हा ती लेन्सला चिकटवतं आणि आजीसमोर नुसता अंधार होतो, तेव्हा वस्तू थोडी मागे घ्यायची असते. नुसत्या आवाजाच्या कॉलवर लहान मुलं "हो" म्हणायच्या ऐवजी मान हलवतात. तिथे आपण म्हणायचं, "आई, ती मान हलवतेय, हो म्हणतेय." दोन्ही बाजूंचे हात आणि डोळे आपणच असतो.

हात म्हटलं तर अगदी शब्दशः. माझ्या सासूबाईंकडे आणि आमच्याकडे एकाच रंगाचा, एकाच आकाराचा चेंडू आहे. सासूबाई त्यांचा चेंडू स्क्रीनच्या खालच्या कडेला नेऊन दिसेनासा करतात आणि म्हणतात, "घे हं, टाकला!" त्याच क्षणी मी फोनच्या मागून आमचा चेंडू घरंगळत सोडते. परत पाठवताना उलट. लेक याला कंटाळत नाही आणि सासूबाई तर मुळीच नाहीत. त्यांना मी फक्त एवढं म्हटलं होतं, "आई, तुम्ही चेंडू पूर्ण दिसेनासा होईपर्यंत थांबा, मग बोला." बाकी सगळी वेळ साधणं त्यांचं.

अशी जोडीची वस्तू प्रत्येक घरात एक तरी ठेवा. सगळ्यांत उपयोगी म्हणजे एकाच चित्रांच्या पुस्तकाच्या दोन प्रती. आजी तिकडे वाचते, मूल इकडे पानं उलटतं. आजी मुद्दाम चुकीच्या प्राण्याचं नाव घेते आणि मूल तिला दुरुस्त करतं. पडद्याआड तोंड लपवून "बुवाऽ कुक!" हा खेळही दीड-दोन वर्षांपर्यंत उत्तम चालतो, कारण कॅमेऱ्याच्या चौकटीतून बाहेर जाणं फार सोपं असतं.

समोरच्या बाजूला काही गोष्टी एकदा सांगाव्या लागतात, प्रेमाने आणि कारणासकट. खिडकीकडे पाठ करून बसलं की चेहरा काळा दिसतो, म्हणून उजेड तोंडावर हवा. अधूनमधून स्क्रीनऐवजी कॅमेऱ्याच्या ठिपक्याकडे बघा, म्हणजे नातीला तुम्ही तिच्या डोळ्यांत बघताय असं वाटतं. प्रश्न विचारला की थांबा. लहान मुलाला उत्तर जुळवायला आधीच वेळ लागतो, त्यात नेटचा उशीर मिसळतो. आपण घाईने दुसरा प्रश्न टाकतो तोवर पहिल्याचं उत्तर ओठांवर आलेलं असतं.

आणि परीक्षा घेऊ नका. "मी कोण सांग", "गाणं म्हणून दाखव", "एक ते दहा म्हण" यांनी मूल गप्प होतं आणि आजीला वाटतं नात आपल्याला विसरली. त्यापेक्षा आजीने स्वतःचं काहीतरी सांगावं: "माझी चप्पल सापडत नाहीये, बघ बरं, या पलंगाखाली आहे का?" आणि फोन घेऊन शोधायला निघावं. आजीचं घर, तिची चप्पल, तिचा पलंग हे सगळं नातीच्या ओळखीचं होतं, शिवाय मदत करायची संधी मिळते. या वयात मदत करण्याइतकं सुख दुसरं नाही.

वेळ निवडताना मुलाची झोप आणि भूक बघा, मोठ्यांची सोय नंतर. झोप आणि खाणं झाल्यावरचा अर्धा तास चांगला. मूल पाच-सात मिनिटं समोर बसलं तर भरपूर झालं. ते उठून गेलं की त्याला ओढून आणू नका. फोन तिथेच राहू द्या.

हे फोन तिथेच राहू देणं मला सगळ्यांत आवडतं. माझी आई तिकडे कपड्यांच्या घड्या घालते, मी इकडे आवरत असते, लेक मध्ये ठोकळे रचते. कोणीच कोणाशी मुद्दाम बोलत नाही. मनोरा पडला की आई म्हणते, "पडला का गं?" लेक मान वर न करता म्हणते, "पडला." आजी शेजारच्या खोलीत असावी तसं हे बोलणं असतं. आठवड्यातून एक तरी कॉल असा, काहीही न ठरवता करून बघा.

मूल कधी कधी कॉलवर यायलाच तयार नसतं. "नको आजी" असं तोंडावर म्हणतं. समोरच्याला लागतं ते, कितीही समजूतदार असलं तरी. मुलाला रागावून स्क्रीनसमोर उभं करू नका. त्याऐवजी त्या दिवशी आपणच आजीशी बोला, आणि मूल झोपल्यावर तिला वेगळा फोन करा. तिची गुडघेदुखी, तिचा दिवस, तिचं मन. नातवंड झाल्यापासून आपल्याशी कोणी आपल्याबद्दल बोलतच नाही, अशी खंत खूप आजी-आजोबांची असते.

घड्याळं जुळत नसतील तर

मामाच्या बाबतीत रोजचा कॉल शक्य नाही. तिथे आवाज कामाला येतो. तो त्याच्या सवडीने झोपायच्या वेळची गोष्ट व्हॉइस नोटवर सांगतो आणि आम्ही ती अंधारात, फोन पालथा ठेवून ऐकतो. स्क्रीन लागत नाही, डोळे मिटलेले चालतात. गोष्ट सांगताना त्याने नाव घेऊन बोलावं, मध्ये थांबून "आता कोण आलं असेल?" विचारावं आणि उत्तरापुरती जागा सोडावी. रेकॉर्डिंग कॉलची जागा घेत नाही, पण तीच गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकायला मुलांना आवडते आणि मामाचा आवाज घरात रुळतो. सकाळी लेकीचं उत्तर त्याला पाठवायचं. तो उठेपर्यंत ते त्याच्या फोनवर आलेलं असतं.

काही देशांत वर्षातून दोनदा घड्याळं तासाने पुढेमागे होतात. तुमची माणसं अशा ठिकाणी असतील तर त्या आठवड्यात कॉलची वेळ नव्याने ठरवा, नाहीतर दोघं दोन वेगळ्या वेळी वाट बघत बसतात.

कागद

फोटोंचे प्रिंट काढा. चार बाय सहा इंचांचे, जाड कागदावर, आणि मुलाचा हात पोचेल अशा उंचीवर लावा. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसलं होतं की नऊ महिन्यांची बाळं चित्रातली वस्तू हाताने उचलायला जातात आणि एकोणीस महिन्यांची मुलं तिच्याकडे बोट दाखवतात. म्हणजे हातात येणारा फोटो दीड वर्षाच्या पुढे खरा कामाला येतो. त्याच्याआधी तो चघळला जाईल, त्यालाही हरकत नाही.

फोटो पासपोर्टसारखे नकोत. आजोबा सायकल पुसताना, आजी चष्मा शोधताना, असे घ्या. तिकडे पाठवायला मुलाच्या हाताची बाह्यरेषा कागदावर काढा, तारीख घाला आणि पोस्टाने पाठवा. सहा महिन्यांनी पुन्हा. आजोबा दोन्ही कागद एकावर एक ठेवून बघतात, हे मी स्वतः पाहिलंय.

फोटो कोण बघणार

कुटुंबातल्या सगळ्यांशी हे एकदा स्पष्ट बोला: आपल्या मुलाचे फोटो स्टेटसला किंवा सार्वजनिक ठिकाणी टाकायचे असतील तर आधी विचारायचं. अंघोळीचे, कपडे नसलेले, शाळेचं नाव दिसणारे फोटो कुटुंबाच्या ग्रुपमध्येही टाकू नका. एकदा पुढे गेलेला फोटो परत येत नाही. फोनच्या कॅमेऱ्यात ठिकाणाची नोंद चालू असेल तर ती फोटोच्या फाइलमध्ये जाते, ती बंद ठेवा.

गूगल फोटोजवर शेअर केलेला अल्बम सोयीचा पडतो, पण त्याची लिंक ज्याच्या हाती लागेल तो तो बघू शकतो. म्हणून लिंक बंद करून माणसं एकेक करून जोडा. फुकट जागा १५ जीबी आहे आणि ती मेल, ड्राइव्ह, फोटो सगळ्यांत मिळून आहे, त्यामुळे व्हिडिओंनी लवकर भरते. व्हॉट्सॲपवरून गेलेला फोटो आकाराने लहान होऊन जातो. प्रिंट काढायचा असेल तर तोच फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा. मूळ फोटो दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. आजी-आजोबांच्या फोनमध्ये मीडिया आपोआप डाउनलोड होणं बंद करून द्या, म्हणजे फोन भरून अडकत नाही आणि त्यांना हवं तेच उतरवता येतं.

मुलाने हात आडवा करून "नको" म्हटलं की फोन खाली ठेवा. अडीच वर्षांचं असलं म्हणून काय झालं. आणि रडणाऱ्या, आकांत करणाऱ्या मुलाचा व्हिडिओ कधीच काढू नका. तो दिवस शब्दांत सांगा.

आजारपण

ताप आला की लांबच्यांना सांगायचं की नाही, यावर प्रत्येक घरात वाद होतो. माझं मत स्पष्ट आहे, सांगायचं. आपल्या आवाजावरून त्यांना कळतंच, आणि लपवल्याचं कळलं की पुढे प्रत्येक "सगळं ठीक आहे" वर त्यांचा विश्वास बसत नाही. फक्त मेसेज टाकून गप्प बसू नका. फोन करा, ताप किती आहे, डॉक्टर काय म्हणाले, काय चालू आहे हे सांगा, आणि पुढची खबर किती वाजता देणार ते ठरवा. ती वेळ पाळा. काळजी अंतराने वाढते, ठरलेल्या वेळेने थोडी आवरते.

प्रत्यक्ष भेट झाली की

रोज कॉलवर हसणारी नात दारात आजीला बघून आईच्या मागे लपते. तिच्यासाठी स्क्रीनमधली आजी एवढीशी होती, ही एकदम मोठी आहे, तिला वास आहे, हात आहेत. आजीला हे आधीच सांगून ठेवा, म्हणजे तिचं मन मोडत नाही. आल्या आल्या उचलून घेऊ नका, पापी मागू नका. जमिनीवर बसा, ओळखीचं पुस्तक किंवा चेंडू काढा, आणि नेहमीचा खेळ नेहमीच्याच शब्दांनी सुरू करा. बहुतेक मुलं स्वतःहून जवळ सरकतात, काहींना पहिला अख्खा दिवस लागतो.

निघायच्या दिवशी मूल झोपलेलं असताना गुपचूप जाऊ नका. उठल्यावर ते खोल्याखोल्यांतून शोधत फिरतं. निघताना सांगा, हात हलवा, रडलं तर रडू द्या. घरी पोचल्यावरचा पहिला कॉल लहान ठेवा आणि त्यात आजीने पलंग, चप्पल, खिडकी असं सगळं फिरून दाखवावं, म्हणजे आजी कुठे गेली हे मुलाला कळतं. पुढचे काही दिवस कॉल कापताना रडारड होते. त्या दिवसांत कॉल संपवायचं काम मुलाकडे द्या. बटण त्याला दाबू द्या.